बुधवारचे अंडे कोणी द्यायचे?

शालेय पोषण आहारात अंडे असावे की नसावे, हा विषय निघाला की महाराष्ट्रात ठरलेले दोन पक्ष समोरासमोर उभे राहतात. एक म्हणतो, ही संतांची भूमी आहे, शाळेत मांसाहार शिरता कामा नये. दुसरा म्हणतो, आमच्या ताटात डोकावणारे तुम्ही कोण? नोव्हेंबर 2023 मध्ये राज्य सरकारने पहिली ते आठवीच्या मुलांना आठवड्यातून एकदा, बुधवारी किंवा शुक्रवारी, अंडे द्यायचे ठरवले. अंडे न खाणाऱ्यांना केळे किंवा स्थानिक फळ मिळणार होते. तेव्हा हेच भांडण झाले. जानेवारी 2025 मध्ये सरकारने अंड्यासाठीचा स्वतंत्र निधी बंद केला आणि ज्या शाळांना अंडी द्यायची असतील त्यांनी लोकसहभागातून द्यावीत असे सांगितले. तेव्हाही तेच भांडण, त्याच आवेशाने. एका बाजूला हा आपला विजय वाटला, दुसऱ्या बाजूला ते सांस्कृतिक आक्रमण वाटले. या गदारोळात त्या शासननिर्णयातली सर्वांत गंभीर गोष्ट मात्र फारशी कोणी बोललेच नाही. सरकारने अंड्यावर बंदी घातली नव्हती. सरकारने अंड्याचे पैसे द्यायचे थांबवले होते.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. शाळकरी मुलाच्या ताटातले पोषण हे सरकारचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते गावाच्या वर्गणीवर सोपवता येत नाही. अंडे शाकाहारी की मांसाहारी, हा वाद त्यापुढे दुय्यम आहे, कारण तो 2023 च्याच निर्णयात सुटला होता. ज्याला अंडे नको त्याच्यासाठी तेव्हा केळ्याची सोय होती. ज्याला अंडे हवे आहे पण ज्याच्या घरी ते परवडत नाही, त्याची सोय 2025 च्या निर्णयाने काढून घेतली. आपण भांडत राहिलो पहिल्याबद्दल, आणि नुकसान झाले दुसऱ्याचे.

हे कर्तव्य आले कुठून, ते आधी पाहू. शाळेत आहार देण्याची केंद्राची योजना 15 ऑगस्ट 1995 ला सुरू झाली, पण बहुतेक राज्यांत मुलांच्या हाती पडत होते ते महिन्याला तीन किलो कोरडे धान्य. ते पिशवीतून घरी जायचे आणि घरातल्या सगळ्यांत वाटले जायचे. 28 नोव्हेंबर 2001 ला सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर आदेश दिला की मुलांना शिजवलेले जेवण द्या, त्यात किमान 300 कॅलरी आणि 8 ते 12 ग्रॅम प्रथिने असू द्या, आणि वर्षातले किमान 200 दिवस ते मिळू द्या. शाळा म्हणजे खानावळ नव्हे, शिक्षकांना आचारी करू नका, असे आक्षेप त्याही वेळी घेतले गेले. तरी खिचडी शिजली आणि पोरे जेवू लागली. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने या जेवणाला कायद्याचे बळ दिले. पहिली ते पाचवीच्या मुलाला 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीच्या मुलाला 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिने मिळालीच पाहिजेत, असे हा कायदा सांगतो.

कायद्यात अंडे कुठे आहे, असे कोणी विचारील. तसा शब्द तिथे नाही, हे मान्य. पण कागदावरची 12 ग्रॅम प्रथिने कशी भरतात तेही पाहा. लहान मुलाच्या वाट्याला 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेल असे प्रमाण आहे. म्हणजे प्रथिनांचा निम्म्याहून मोठा हिस्सा भाताचा आहे. भातातली प्रथिने अपुरी असतात, डाळ ती उणीव थोडी भरून काढते, पण 20 ग्रॅम डाळीला मर्यादा आहेत. तांदूळ केंद्राकडून येतो. बाकी डाळ, तेल, भाजी, मसाला आणि इंधन यांसाठी मे 2025 पासूनचा दर आहे लहान मुलामागे 6 रुपये 78 पैसे आणि मोठ्या मुलामागे 10 रुपये 17 पैसे. एवढ्या पैशांत बाजारातून काय आणता येते हे घर चालवणाऱ्या कोणालाही विचारा. डाळ पातळ होते आणि भाजीचे तुकडे शोधावे लागतात, ते काही कोणी वाईट मनाने केले म्हणून नव्हे. उकडलेल्या अंड्यात साधारण सहा ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने असतात, अ आणि ड जीवनसत्त्वे असतात, आणि ज्याचा वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ अभाव आहे ते ब-12 असते. दूध पाण्याने वाढवता येते, डाळ वाढवता येते. अंड्यात भेसळ होत नाही आणि अर्धे अंडे देऊन पूर्ण दिल्याची नोंद करता येत नाही. सरकारी जेवणाच्या बाबतीत या गुणाचे मोल फार मोठे आहे.

हे जेवण ज्यांच्यासाठी आहे ती मुले कोण आहेत? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालील 35.2 टक्के मुले वयाच्या मानाने खुजी निघाली, 36.1 टक्के कमी वजनाची, आणि 25.6 टक्के उंचीच्या मानाने कृश. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या 68.9 टक्के मुलांना रक्तक्षय होता. आधीच्या, म्हणजे 2015-16 च्या फेरीत खुज्या मुलांचे प्रमाण 34.4 टक्के होते. मधल्या काळात देशातल्या श्रीमंत राज्यांत गणल्या जाणाऱ्या या राज्यात सुधारणा झालीच नाही. त्या पाहणीत मोजली गेली त्या वयाची मुले आज जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकांच्या शाळांत बसलेली आहेत. बुधवारचे अंडे त्यांच्या ताटातून गेले आहे.

आता विरोधकांचे म्हणणे. धार्मिक आक्षेपाला ढोंग म्हणून उडवून लावणारे माझ्या बाजूला बरेच आहेत आणि त्यांचे मला पटत नाही. महाराष्ट्रात अंडे न खाणारा म्हणजे फक्त सवर्ण किंवा जैन, हा समज चुकीचा आहे. गळ्यात तुळशीची माळ असलेली कितीतरी कुटुंबे शेतमजुरी करतात, त्यांची मुले याच शाळांत जातात, आणि त्यांच्या आजीला आपल्या नातवाच्या ताटात अंडे आलेले खपत नाही. एकाच पातेल्यात, एकाच डावाने वाढले जाणार असेल तर तिची अडचण खरी आहे. वेगळे भांडे हवे, वेगळी पंगत नको. शाकाहारी मुलाला नुसते केळे देऊन त्याच्या पोषणाचे समाधान होत नाही, ही तक्रारही रास्त आहे. केळ्यात प्रथिने नगण्य. त्याला दूध द्या, शेंगदाण्याची चिक्की द्या, भिजवलेले हरभरे द्या आणि त्यासाठी पैसेही द्या. या मागणीसाठी शाकाहारी संघटना रस्त्यावर उतरल्या असत्या तर मी त्यांच्यासोबत उभा राहिलो असतो.

पण मागणी ती नव्हती. आमच्या मुलाला नको, इथवर कोणाचाही हक्क पोहोचतो. त्याच्या शेजारच्या मुलालाही नको, हा हक्क कुठून आला? जानेवारी 2024 मध्ये सरकारने अशी मुभा दिली की एखाद्या शाळेतल्या 40 टक्के पालकांचा विरोध असेल तर तिथे अंडे देऊ नये. तीस मुलांच्या शाळेत बारा घरांनी नको म्हटले की उरलेल्या अठरा मुलांचे अंडे जाणार. या अठरांमध्ये भिल्ल असतील, कातकरी असतील, बौद्ध, मुस्लिम, मराठा, धनगर, कोळी असतील. 2014 च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्रातले साधारण 60 टक्के लोक मांसाहार करणारे आहेत. त्यांच्यातले जे गरीब आहेत ते अंडे रोज खात नाहीत याचे कारण धर्म नाही, किंमत आहे. 2021 च्या डिसेंबरमध्ये कर्नाटकात मठाधिपतींनी शाळेतल्या अंड्याला विरोध केला, तेव्हा तिथल्या एका शाळकरी मुलीने भर सभेत ठणकावले होते की आम्हाला अंडी मिळाली नाहीत तर आम्ही मठात येऊन खाऊ. मुलांच्या जेवणाच्या या सगळ्या वादात मूल बोलल्याचा प्रसंग मला आठवतो तो एवढाच.

दुसरा आक्षेप अभ्यासू लोक घेतात आणि तो जास्त वजनाचा आहे. त्यांचे म्हणणे असे की आठवड्याला एका अंड्याने काय होणार? कुपोषणाचे खरे नुकसान गर्भापासून दोन वर्षांपर्यंत, म्हणजे पहिल्या हजार दिवसांत, होते, मूल शाळेत येईपर्यंत उंचीची हानी होऊन गेलेली असते, तेव्हा पैसा तिकडे वळवा. यातला पहिला भाग शास्त्राला धरून आहे. आठवड्याचे एक अंडे कमीच आहे. तमिळनाडूत शाळेत आठवड्याला पाच अंडी मिळतात, शाळेच्या सगळ्या दिवशी. पण जे कमी आहे ते शून्य करणे हा त्यावरचा उपाय कसा होतो? आणि पैसा तिकडे वळवा म्हणणाऱ्यांनी तो वळवल्याचे दाखवावे. शिवाय शाळेतली मुलगी उद्याची आई आहे. 2021 मध्ये नेचर कम्युनिकेशन्स या नियतकालिकात भारतातल्या माध्यान्ह भोजनावरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या स्त्रियांना लहानपणी शाळेत जेवण मिळाले होते त्यांच्या मुलांची उंची अधिक चांगली भरली, असे त्यात आढळले. म्हणजे पहिल्या हजार दिवसांचे काम आणि शाळेतले जेवण ही दोन एकमेकांची प्रतिस्पर्धी कामे नाहीत. आज पाचवीत असलेली मुलगी नीट जेवली तर पुढच्या पिढीचे हजार दिवस थोडे सुसह्य होतात.

याच मुद्द्यावर सरकारचे स्वतःचे वागणे पाहण्यासारखे आहे. आदिवासी भागात ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना चालते. तिच्यात अंगणवाडीतल्या सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना आठवड्यातून चार वेळा अंडे किंवा केळी देण्याची तरतूद सरकारनेच केली आहे. जव्हार-मोखाडा, मेळघाट, धडगाव इथल्या मुलांना अंड्याची गरज आहे हे सरकारला ठाऊक आहे आणि ते योग्यच आहे. वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी 1992 मध्ये राज्य हादरले होते, तेव्हापासून हे ज्ञान आपल्याकडे आहे. मग मोखाड्याचे जे मूल अंगणवाडीत असताना अंडे खात होते, त्याने पहिलीत नाव घातले त्या दिवसापासून त्याची गरज संपली का? त्याचे शरीर, त्याचे घर, त्याच्या आईबापांची मजुरी, काहीच बदललेले नाही. बदलला तो खर्च उचलणारा विभाग.

सगळ्यात अवघड युक्तिवाद आता घेतो, लोकसहभागाचा. तो अवघड अशासाठी की महाराष्ट्राचा इतिहास त्याच्या बाजूने साक्ष देतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याचे वसतिगृह सरकारी अनुदानाची वाट पाहून सुरू केले नाही. घरोघरच्या मूठभर धान्यावर ते चालले, आणि ते धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंचे दागिने गेले. वेगवेगळ्या जातींची मुले तिथे एका पंगतीत जेवली. आजही गावोगाव लोक शाळेला रंग देतात, संगणक देतात, वाढदिवसाला पोरांना जेवू घालतात. ही वृत्ती मोलाची आहे आणि सरकारने तिला उत्तेजन द्यावे यात काही गैर नाही. शाळा आपली आहे असे गावाला वाटले तर खिचडीची प्रतही सुधारते.

पण भाऊरावांनी वर्गणी मागितली तेव्हा राज्य इंग्रजांचे होते आणि रयतेच्या मुलाला जेवू घालणे हे आपले काम आहे असे ते राज्य मानत नव्हते. आज आपलेच राज्य आहे, कायदा आहे, कराचा पैसा आहे. तेव्हा जे उणीव भरून काढण्यासाठी झाले, त्याचा दाखला देऊन आज उणीव निर्माण करता येणार नाही. आणि लोकसहभाग कुठे जमेल याचा विचार करा. चाकण किंवा रांजणगावच्या औद्योगिक पट्ट्यातल्या शाळेला कंपन्यांच्या सामाजिक निधीतून अंडीच काय, दूधही मिळेल. पश्चिम महाराष्ट्रातल्या बागायती गावात सोसायटी पुढे येईल, दूध संघ पुढे येईल. अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या पाड्यावर कोण पुढे येणार? बीडच्या ज्या गावातून दिवाळीनंतर निम्मी माणसे ऊसतोडीला जातात, तिथे शाळा व्यवस्थापन समितीने कोणाच्या दारात उभे राहायचे? त्या समितीवर बसलेले पालक त्याच मुलांचे आईबाप आहेत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? जिथे कुपोषण जास्त तिथे वर्गणी कमी, हे सांगायला पाहणीची गरज नाही. गरजेच्या उलट्या क्रमाने अन्न पोहोचवणारी व्यवस्था आपण शासननिर्णय काढून उभी केली आहे.

हा प्रयोग पूर्वी झालेला आहे आणि त्याचे निकालही लागलेले आहेत. 1911 मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सरकारकडून उत्तर आले की पैसा नाही, लोकांची तयारी नाही, शिक्षण स्वेच्छेने पसरू द्यावे. मार्च 1912 मध्ये 38 विरुद्ध 13 मतांनी ते विधेयक पडले. 1918 मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात कायदा झाला, पण त्यात सक्ती करायची की नाही हे नगरपालिकांच्या मर्जीवर ठेवले होते. मोजक्या नगरपालिकांनी ती केली. त्याच काळात कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले आणि त्याचा भार दरबाराने उचलला. एका बाजूला मर्जी, दुसऱ्या बाजूला जबाबदारी. कोणत्या रस्त्याने पोरे शाळेत आली हे आपण सगळे जाणतो.

शाळेतल्या जेवणाचीच गोष्ट हवी असेल तर इंग्लंडची घ्या. बोअर युद्धाच्या वेळी सैन्यभरतीला आलेली इतकी तरुण पोरे शरीराने नापास झाली की राज्यकर्ते घाबरले, आणि 1906 मध्ये शाळेत जेवण देण्याचा कायदा झाला. पण त्यात मेख होती. स्थानिक संस्थांनी हवे तर जेवण द्यावे, आधी देणग्या जमवून पाहाव्यात, आणि देणग्या पुरल्या नाहीत तरच कराचा एक छोटा, मर्यादित हिस्सा वापरावा. पाच-सहा वर्षांनंतरही निम्म्याहून कमी शिक्षण मंडळांनी ही सोय केलेली होती. 1914 मध्ये कराची मर्यादा काढावी लागली, आणि 1944 मध्ये जेवण देणे हे कर्तव्य म्हणून लिहावे लागले. ज्या चुकीतून बाहेर पडायला तिथे चार दशके लागली, त्या चुकीत आपण 2025 मध्ये पाऊल टाकले आहे.

इथे कोणी कर्नाटकाचे उदाहरण देईल, आणि ते द्यायला हवे. तिथे 2024 पासून शाळेत आठवड्याला सहा दिवस अंडी मिळू लागली, आणि त्यातल्या चार दिवसांचा खर्च अझीम प्रेमजी फाउंडेशन उचलते. तीन वर्षांसाठी सुमारे 1,500 कोटी रुपयांचा हा करार आहे. देणगीतून काम होतेच की! होते, पण कसे ते पाहा. तिथे सरकारने दोन दिवसांचा खर्च आपल्याकडे ठेवला, मग राज्याने स्वतः देणगीदाराशी करार केला, आणि देणगी राज्यभरच्या शाळांना सारखी मिळाली. रायचूरच्या खेड्यातल्या मुख्याध्यापकाला दारोदार फिरावे लागले नाही. तिथे देणगी सरकारी खर्चाच्या वर आली. आपल्याकडे ती सरकारी खर्चाच्या जागी आणली जात आहे. तीन वर्षांनी काय, ही काळजी कर्नाटकालाही करावी लागेल, पण निदान तोवर मुले जेवत आहेत.

राहिला पैसा. राज्यावर कर्जाचा भार आहे, 2025-26 च्या अर्थसंकल्पात 45 हजार कोटींहून अधिक महसुली तूट दाखवली होती, हे खरे आहे. आता अंड्याचा हिशेब मांडू. पोषण आहाराची मुले ढोबळमानाने एक कोटी धरा. 2023 च्या निर्णयाप्रमाणे अंड्यामागे पाच रुपये आणि 23 आठवडे. एकूण 115 कोटी. शाळा भरते ते वर्षातले सगळे, म्हणजे साधारण चाळीस आठवडे धरले आणि दर सहा रुपये केला तरी 240 कोटींच्या पुढे जात नाही. राज्याचा 2025-26 चा अर्थसंकल्प सात लाख कोटींचा होता. म्हणजे सरकार शंभर रुपये खर्च करते त्यात हे अंडे चार पैशांचेही नाही. तूट भरून काढण्यासाठी हात आखडता घ्यायला सरकारला एवढी एकच जागा सापडावी, याचे मला दुःख होते. ज्यांना मत नाही आणि ज्यांच्या आईबापांना मंत्रालयाचा जिना माहीत नाही, त्यांच्यावर काटकसर करणे सर्वांत सोपे असते.

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेसाठी त्याच अर्थसंकल्पात 36,000 कोटी ठेवले होते. त्या योजनेला मी विरोध करणार नाही. महिन्याला 1,500 रुपये हाती आल्याने किती बायांना दवाखान्याची पायरी चढता आली, किराण्याची उधारी फेडता आली, हे आपण आजूबाजूला पाहतो. पण त्या योजनेचा दाखला देऊन काही जण म्हणतात की आईच्या हाती पैसे दिलेत ना, आता तिने अंडी आणावीत. हा युक्तिवाद सरळ वाटतो. पण 2001 पूर्वी कोरड्या धान्याने आपल्याला जे शिकवले ते इथे लागू आहे. घरात आलेली वस्तू घराच्या गरजेप्रमाणे वाटली जाते. अंडी चार आणि माणसे सहा असतील तर कामावर जाणाऱ्या बापाचा वाटा आधी, मग मुलाचा, आणि शेवटी मुलीचा व आईचा. याचा दोष त्या आईला देऊ नका, टंचाईत घर असेच चालते. शाळेत वाढलेले अंडे त्याच मुलीच्या पोटात जाते, बाईंच्या डोळ्यांसमोर. रोख रक्कम आणि शाळेतले ताट ही दोन वेगळी कामे आहेत आणि एक दुसऱ्याची भरपाई करत नाही.

पैसा उभा करायचा तर कसा, याचाही धडा महाराष्ट्राकडेच आहे. 1972 च्या दुष्काळात लोक खडी फोडायला गेले आणि कामावर सुकडी खाऊन जगले. त्या अनुभवातून वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. तिच्या खर्चासाठी काय केले? दुष्काळी गावांना वर्गणी काढायला सांगितले नाही. 1975 मध्ये व्यवसाय कर लावला. मुंबई-पुण्याच्या पगारदाराने मराठवाड्यातल्या मजुराच्या हक्काचा खर्च उचलला, आणि तेव्हाच्या सर्व पक्षांनी ते मान्य केले. आजही पगाराच्या चिठ्ठीत तो कर कापलेला दिसतो. हक्क मान्य केला की त्याचा पैसा सर्वांकडून, ऐपतीप्रमाणे गोळा करायचा, हे तत्त्व या राज्याने देशाला शिकवले. महात्मा फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे हीच तक्रार मांडली होती, की महसूल येतो कष्टकऱ्यांच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर. अक्कलकुव्याचा मजूर साबणाच्या वडीवर जीएसटी भरतो. त्या पैशातले अंडे त्याच्या पोराला मिळावे, ही भीक नाही.

अंमलबजावणीतल्या अडचणी मात्र मला पूर्ण मान्य आहेत आणि अंड्याच्या समर्थकांनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केले, हे चुकले. सरकार पाच रुपये देत होते आणि थंडीत बाजारात अंडे सहा-सात रुपयांना मिळत होते. फरक मुख्याध्यापकाने पदरमोड करून भरायचा, अंडी दुचाकीवरून जपून आणायची, उकडायची, मग नोंदी करायच्या, आणि यातून वेळ उरला तर शिकवायचे. पोषण आहार शिजवणाऱ्या बाईला राज्यात महिन्याला 2,500 रुपये मानधन मिळते. केंद्राने ठरवलेली 1,000 रुपयांची रक्कम तर 2009 पासून हललेली नाही. या बाईला शंभर अंडी सोलायला लावायची आणि तिच्या मानधनाचा विषय काढायचा नाही, हे अन्याय्य आहे. म्हणून अंड्याचा दर बाजारभावाशी जोडावा, खरेदी शिक्षकाकडून काढून तालुका पातळीवर महिला बचत गटांकडे द्यावी, शाकाहारी मुलांसाठी दूध किंवा चिक्कीचे पैसे त्याच लेखाशीर्षाखाली ठेवावेत, आणि स्वयंपाकी बायांचे मानधन वाढवावे. एकदम सगळीकडे जमत नसेल तर अमृत आहारच्या तालुक्यांपासून सुरुवात करावी, म्हणजे अंगणवाडीतून पहिलीत जाणाऱ्या मुलाचे अंडे तुटणार नाही.

आणि हे सगळे होईपर्यंत एक काम विरोधी पक्षाच्या किंवा सत्ताधारी पक्षाच्या कोणत्याही आमदाराला करता येण्यासारखे आहे. जानेवारी 2025 नंतर आपल्या जिल्ह्यातल्या किती शाळांनी लोकसहभागातून अंडी दिली, किती आठवडे दिली आणि किती मुलांना दिली, याची तालुकावार माहिती त्याने विधिमंडळात प्रश्न विचारून मागवावी. मावळची आणि मोखाड्याची संख्या शेजारी शेजारी छापून यावी. लोकसहभागावर सरकारचा विश्वास असेल तर ही माहिती पटलावर ठेवायला अडचण नसावी.